गोडं पाणी

लग्न ठरवायला आला तेव्हा
रवळूने माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही.
माझ्या बापाला एवढंच म्हणाला,
घरापासून आगर किती लांब?
बाप म्हणाला, मागचं दार उघडलं की आगरच.
तशी त्याने अंगणातली गाडी ढकलत
पुढच्या बाजूला, फणसाखाली नेऊन लावली.
काळी गाडी, पुढचं मडगार्ड पिवळं.
शिवोलीच्या तारीवरचा पायलट तो.
फेरीबोटीतून उतरलेली माणसं
मागे घेऊन म्हापशाला सोडायचा.

पौषात मानशीची फळी वर ओढली
की खाडी आगरात येते, पसरते, आडवी होते.
मग ऊन आणि वारा.
बापाला मुलगा नव्हता,
म्हणून लग्नानंतरही सांजचं मीठ ओढायला मीच.
दिवेलागणीला रवळू न्यायला यायचा,
पण बांधावर नाही. वर, डांबरावर थांबायचा,
दोनदा हॉर्न.
मी चढून यायचे कोपरापर्यंत पांढरी,
साडी वाळून पत्र्यासारखी,
आणि तो सीटवर सिमेंटची रिकामी पिशवी अंथरायचा.
भाडं देणाऱ्या बायकांना नुसती सीट.
मला पिशवी.

मिंगेल मेस्तने त्याच्या डोक्यात भरवलं होतं:
मीठ लोखंडाला गोड लागतं, रवळू,
लोखंड कधी नको म्हणत नाही.
थंडीत जास्त. रात्री दंव पडतं
आणि सुकं मीठ पुन्हा जागं होतं.
तारांच्या मुळाशी बसतं,
सायलेन्सरच्या पोटाखाली,
नंबरप्लेटच्या मागे, जिथे कुणाचा हात जात नाही.
एक दिवस तू गाडीवर बसून निघशील
आणि स्टँड मागे रस्त्यावर राहील.

म्हणून रोज रात्री विहिरीच्या पाच कळशा.
आधी खालून, मग वरून.
जोराने मारायचं नाही, मीठ आत पळतं,
पाणी नुसतं सोडायचं, लेकराच्या डोक्यावर सोडतात तसं.
मग जुन्या बनियनचं फडकं,
रिमला आणि आरशांच्या दांड्यांना खोबरेल,
चेनला जळकं ऑईल, दात घासायच्या ब्रशने.
कळशा मी ओढायचे.
पाचवी संपली की माझी अंघोळ.
एकदा म्हटलं, आधी मला तरी धू.
हसला. म्हणाला, तुला कुठे गंज येतोय!

टाचा उभ्या चिरल्या होत्या माझ्या.
बोटं अशी, की रेशमी कापड धरलं तर अडकायचं.
शिगम्याच्या आसपास एका रात्री
त्याने वाटीत उरलेलं खोबरेल पाहिलं,
गाडीकडे पाहिलं,
आणि वाटी माझ्याकडे सरकवली.
लावून दिलं नाही. सरकवली फक्त.
कुणाला सांगितलं नाही मी,
सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात.

मग पूल झाला, तार बंद पडली,
पुढे त्याची कंबर गेली.
गाडी मोरजीच्या एका पोराने घेतली, भाड्याने द्यायला.
पिवळ्यावर काळा मारला.
रवळू त्या किनाऱ्याला फिरकत नाही.

काल मोरजीच्या वळणावर मीठ विकायला बसले होते.
चारला टोपली रिकामी झाली.
बघते तर वाळूत उभी,
समुद्राकडे तोंड करून,
हँडलवर कुणाचा तरी ओला टॉवेल.
मडगार्डवर काळ्याचा पोपडा सुटलेला,
खालचं पिवळं नखाएवढं दिसत होतं.
तारांना हात लावला,
तांबडी पूड बोटांना.
आसपास कुणी नव्हतं.
पदराचं टोक धरून वाकले
आणि मग ध्यानात आलं, पदर खारा.
हातही.

पिण्याच्या पाण्याची बाटली होती, अर्धी.
आधी खालून सोडलं.
वरच्यासाठी उरलं नाही.

घरी आले तर रवळू खाटेवरूनच म्हणाला,
ओठ किती सुकलेत गे तुझे.